जुन्या इटालियन मोटरसायकलचे पार्ट: जुना स्टॉक, नवी नक्कल, वापरलेला माल की दुरुस्ती?

‘पार्ट मिळणार नाहीत, नादी लागू नकोस’ हा सल्ला जुनी इटालियन गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत डुकाटी, मोटो गुझी, लाव्हेर्दा या कंपन्या गाडीवरच्या कितीतरी वस्तू स्वतः बनवतच नसत. कार्ब्युरेटर डेलोर्टोचे, ब्रेक ब्रेम्बोचे, फोर्क मार्झोकीचा नाहीतर चेरियानीचा, मीटर बऱ्याचदा वेलियाचे. लाव्हेर्दा ७५० एसएफवर तर जनरेटर जर्मन बॉशचा आणि नंतरच्या गाड्यांवर मीटर जपानी निप्पॉन डेन्सोचे. म्हणून पार्ट शोधायला बसलात की गाडीचं नाव थोडं बाजूला ठेवा आणि हातातला तुकडा मुळात कोणी बनवला ते आधी बघा. कॅलिपरवर, कार्ब्युरेटरच्या अंगावर, स्टार्टरच्या पट्टीवर ते बहुधा लिहिलेलंच असतं. पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे पुढे त्यावरच ठरतं.

बेअरिंग घ्या. त्यावर ६२०५ कोरलेलं असेल तर आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. हे माप जगभर एकच आहे, त्यामुळे गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेल्या पुडीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. नंबरानंतरची अक्षरं मात्र वाचा. सी३ म्हणजे बेअरिंगच्या आत मुद्दाम ठेवलेली जास्त मोकळीक. तिथे साधं बेअरिंग ठोकलं तर इंजिन तापल्यावर ते आवळतं. ऑइल सीलवरही ३५×४७×७ अशी तीन मापं छापलेली असतात. डेलोर्टोचे जेट, सुया, गॅस्केट आजही नवे मिळतात, कारण कंपनी चालू आहे आणि तेच कार्ब्युरेटर अनेक गाड्यांवर होते. १९७०-८० च्या ब्रेम्बो कॅलिपरच्या सीलचंही तसंच.

इथे एक गंमत आहे. नंतरच्या काही गुझींच्या रेग्युलेटरवर चक्क डुकाटीचं नाव दिसतं. कोणीतरी भलताच पार्ट बसवलाय असं समजून तो काढू नका. डुकाटी एनर्जिया ही मोटरसायकलवाल्या डुकाटीपासून वेगळी, विजेची सामग्री बनवणारी कंपनी आहे.

जुना स्टॉक आणि नवी नक्कल

गाडीच्या कंपनीनेच बनवलेल्या वस्तूंसाठी खरी निवड इथे करावी लागते. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेला, कधीच न वापरलेला कंपनीचा माल एका बाजूला आणि आज कोणीतरी नव्याने बनवलेली नक्कल दुसऱ्या बाजूला. ‘ओरिजिनल ते ओरिजिनल’ म्हणणारे बरेच भेटतील. मी पार्टचा पदार्थ बघून ठरवतो.

पोलादी, घासून नेमक्या मापात आणलेला पार्ट असेल तर जुना स्टॉक आंधळेपणाने घ्यावा. गिअर, शाफ्ट, कॅम, रॉकर हे त्यातले. बेव्हल डुकाटी (१९७१ च्या ७५० जीटीपासून सुरू झालेली व्ही-ट्विनची पिढी) कॅम फिरवायला शंकूच्या आकाराची दातेरी चाकं (बेव्हल गिअर) वापरते. ती जोडीने येतात आणि शिम (पातळ चकत्या) घालून जुळवावी लागतात. जोडीतला एकच गिअर वेगळा आणून बसवला की इंजिन कण्हू लागतं. इथे तेलकागदात गुंडाळलेली मूळ जोडी मिळाली तर भाव करत बसू नका.

रबर असेल तर नेमकं उलटं. तीस वर्षं पुडीत बंद राहिलेलं सील दिसायला नवं असतं, पण वाकवून पाहा, कडक झालेलं असतं. पँटा मॉडेलपासूनच्या (१९७९) डुकाटींच्या, कॅम फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टबाबत तर विचारही नको. बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसा वयानेही मरतो, म्हणूनच जुन्या डुकाटींवर तो साधारण दर दोन वर्षांनी बदलायची पद्धत आहे. न वापरलेला पण जुना बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. ब्रेक शू आणि क्लच प्लेटच्या जुन्या स्टॉकपासून मी आणखी एका कारणाने दूर राहीन: त्या काळच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

काही ठिकाणी तर नक्कल मूळ मालापेक्षा सरस ठरते. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच गुझी इंजिनांच्या सिलिंडरला आतून क्रोमचा मुलामा होता. वय झालं की तो पोपड्यांसारखा सुटतो, तेलात जातो आणि बेअरिंग खातो. असा सिलिंडर साधा बोअर करून मोठा पिस्टन घालता येत नाही. तिथे जिलार्दोनीचा निकासिल (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड) मुलाम्याचा सिलिंडर-पिस्टन संच बसवणं हाच शहाणपणा. ही कंपनीदेखील गुझीच्याच गावची, मांदेल्लो देल लारियोची. फायबरग्लासच्या जुन्या टाक्यांचंही तेच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यांचं रेझिन मऊ करतं आणि तो चिकट गाळ कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. मूळ टाकी भिंतीवर लावावी आणि गाडीवर अ‍ॅल्युमिनियमची चढवावी, असं माझं मत. प्रदर्शनात गाडी लावणारे यावर भांडतील, भांडू देत.

नक्कल घेताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: कुठल्या पदार्थाची आहे आणि बसली नाही तर परत घ्याल का. सीलच्या बाबतीत इंधन लागणाऱ्या जागी व्हायटॉन (इंधनाला टिकणारं रबर) म्हटलं तर उत्तम. एक्झॉस्ट, केबल, मडगार्ड, बॅज यांच्या नकला कमी-अधिक प्रतीच्या असतात, पण त्यात फसलात तरी इंजिन जात नाही.

वापरलेला माल आणि आपल्याच पार्टची दुरुस्ती

तोडलेल्या गाडीतला माल स्वस्त, पण त्याचा इतिहास सोबत येत नाही. इंजिनची कव्हरं, फोर्कचे क्लॅम्प, ब्रॅकेट, फूटरेस्ट असे ओतीव आणि फारसे न झिजणारे भाग बिनधास्त घ्या. क्रँकशाफ्ट, शॉक, ब्रेक डिस्क हे मोजल्याशिवाय नको. मापपट्टी लावलेला फोटो द्यायला जो विक्रेता कुरकुरतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

कॅटलॉगवर पूर्ण विसंबता येत नाही, ही इटालियन गाड्यांची खास डोकेदुखी. वर्षाच्या मध्यातच फोर्क, स्विच, दिवे बदललेले सापडतात. त्यामुळे गाडीचं वर्ष सांगून पार्ट मागवण्यापेक्षा इंजिन आणि फ्रेमचा नंबर द्या आणि सोबत जुन्या पार्टचं माप द्या. डुकाटीच्या गोल आणि चौकोनी केसच्या (इंजिनच्या बाहेरच्या कवचाच्या) बेव्हल इंजिनांत तर कितीतरी भाग एकमेकांना चालत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटतो तो चौथा रस्ता, आपलाच पार्ट दुरुस्त करून घेण्याचा. तो गाडीवर बसतो हे आधीच माहीत असतं. फोर्कच्या नळ्यांना नव्याने हार्ड क्रोम चढवता येतो, निकासिलचा मुलामा पुन्हा देता येतो, बॉश अल्टरनेटरचा रोटर गुंडाळून मिळतो, वेलियाचा मीटर उघडून दुरुस्त होतो. नव्वदच्या दशकातल्या गुझींवरच्या व्हॅलिओ स्टार्टरमधले चिकटवलेले चुंबक सुटतात, हा ठरलेला आजार आहे. अख्खा स्टार्टर शोधत फिरण्याआधी तो उघडून पाहावा. दुरुस्तीला वेळ मात्र लागतो. ऐन हंगामात गाडी उभी ठेवायची तयारी नसेल तर वापरलेला पार्ट लावून आपला दुरुस्तीला पाठवा.

गाडी अजून घ्यायची असेल तर

पार्टच्या दृष्टीने सगळ्यात सोपी मोठी गुझी. १९६७ च्या व्ही७ पासूनचं मोठं इंजिन टप्प्याटप्प्याने सुधारत कित्येक वर्षं चाललं, म्हणून बरेच भाग एका मॉडेलचे दुसऱ्याला चालतात. २००४ मध्ये कंपनी पियाजिओकडे गेल्यावर जुन्याच पार्ट नंबरांच्या आधी ‘जीयू’ लागलं. म्हणजे जुन्या पुस्तकातला नंबर अजून कामाचा आहे. त्याखालोखाल बेल्टवाल्या डुकाटी. बेव्हल डुकाटी पैसेवाल्याचं आणि धीराच्या माणसाचं काम. लाव्हेर्दाचा ब्रेगान्झेचा कारखाना केव्हाच बंद झाला, पण बॉशची इलेक्ट्रिक सामग्री आणि भक्कम इंजिन यामुळे ती वाटते तितकी अवघड नाही. नव्वदच्या दशकाअखेरची अप्रिलिया आरएसव्ही मिले घेतलीत तर इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचं आहे आणि तेच अप्रिलियाच्याच फाल्को, फ्युचुरा, कापोनॉर्डमध्येही होतं, त्यामुळे वापरलेला माल शोधायला क्षेत्र मोठं मिळतं. सहा सिलिंडर आणि सहा सायलेन्सरची बेनेली ७५० सेई मात्र एक्झॉस्ट शाबूत असेल तरच.

समोर दोन गाड्या असतील, एक कळकट पण पूर्ण आणि चालती, दुसरी चकचकीत रंगवलेली पण इंजिनाचे काही भाग खोक्यात, तर मी पहिली घेईन. रंग कुठेही होतो. खोक्यात बेव्हल गिअरची जोडी किंवा कॅम नसल्याचं मात्र इंजिन जुळवायला बसल्यावरच कळतं, आणि तोवर विकणारा फोन उचलत नसतो.