परगावी घरचा मेल: आयमॅप, वेबमेल, फॉरवर्ड की ऑफिसचा कॉम्प्युटर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला छोटा फाउंड्रीवाला असो, शाहूपुरीतली गुळाची पेढी असो की हुपरीचा चांदीवाला, मेलची मांडणी बहुतेक सारखीच असते: कंपनीच्या नावाचा पत्ता, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आउटलुक आणि केबलवाल्याचं इंटरनेट. जागेवर सगळं सुरळीत चालतं. मालक मशीन बघायला राजकोटला गेला की तक्रारी सुरू होतात. मेल येतात पण जात नाहीत, नाहीतर मोबाइलवर इनबॉक्स रिकामाच दिसतो. या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि कुठला मार्ग घ्यायचा हे त्यांवरच ठरतं.

मेल न जाण्याचं कारण आधी बघू. येणारा मेल सर्व्हर पासवर्ड बघून देतो, त्यामुळे कनेक्शन कुणाचंही चालतं. जाणाऱ्या मेलसाठी मात्र इंटरनेट कंपनीचा सर्व्हर आणि पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५ अशी जुनी सेटिंग असेल, तर तो सर्व्हर तुम्हाला आयपी पत्त्यावरून, म्हणजे कनेक्शनच्या आकडी पत्त्यावरून ओळखतो. हॉटेलच्या वायफायवरून त्याच्या लेखी तुम्ही परके, म्हणून ‘५५४ रिले ॲक्सेस डिनाइड’ (मेल पुढे पाठवायला नकार) अशी एरर येते. शिवाय स्पॅम रोखायला अनेक नेटवर्क पोर्ट २५ बंदच ठेवतात. तिथे एररही न येता मेल आउटबॉक्समध्ये अडकून राहतो.

इनबॉक्स रिकामा दिसतो तो पॉपमुळे, म्हणजे मेल एकाच कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. पॉपवर लावलेलं आउटलुक मेल उतरवून घेतं आणि सेटिंगप्रमाणे लगेच किंवा १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकतं. ऑफिसमधला कॉम्प्युटर चालू राहिला की तुम्ही गाडीत असताना आलेली ऑर्डर तो आधीच उचलून घेतो.

आयमॅप: आमची पहिली पसंती

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो. मोबाइल, लॅपटॉप आणि ऑफिस एकच इनबॉक्स बघतात. मोबाइलवरून दिलेलं उत्तर सर्व्हरच्या सेंटमध्ये जातं, म्हणून ऑफिसच्या माणसालाही ते दिसतं. येणाऱ्यासाठी पोर्ट ९९३ (एसएसएल), जाणाऱ्यासाठी ५८७ (स्टार्टटीएलएस) किंवा ४६५ (एसएसएल) लावा; कंसातली नावं वाटेत मेल कुणी वाचू नये म्हणून निवडायच्या सुरक्षेच्या पर्यायांची आहेत. जाणारा सर्व्हर तुमच्या डोमेनच्या होस्टिंगचाच (ज्या कंपनीकडे तुमचा मेल ठेवलाय तिचा) द्या, इंटरनेट कंपनीचा नको.

क्लासिक आउटलुकमध्ये ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ टॅबवर ‘रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ला टिक करा. सगळ्यात जास्त राहून जाते ती हीच टिक. मोबाइलवर जीमेल ॲपमध्ये ‘ॲड अनदर अकाउंट’, मग ‘अदर’, मग ‘आयमॅप’ असं जा.

अडचणी दोन. पहिली जागेची. मेल सर्व्हरवर साठत जातो, म्हणून होस्टिंगचा कोटा आधी तपासा. तो भरला की गिऱ्हाइकाचा मेल परत जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दुसरी डेटाची. नव्या लॅपटॉपवर आउटलुक लावलं की ते जुने मेल ओढायला लागतं आणि मोबाइल हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच संपतो. ‘मेल टू कीप ऑफलाइन’ एक महिन्यावर आणा आणि पहिलं सिंक घरच्या वायफायवर उरका.

पॉपचं खातं थेट आयमॅप करता येत नाही. सर्व्हरवरून मेल काढण्याची टिक आधी बंद करा, त्याच पत्त्याचं नवं आयमॅप खातं जोडा, जुने लागणारे मेल त्यात ओढून टाका आणि मग पॉप बंद करा. निघायच्या आदल्या रात्री हे काम काढू नका, मेलबॉक्स मोठा असेल तर वेळ खातं.

वेबमेल: राखीव म्हणून उत्तम

ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, झालं. पोर्टची भानगड नाही. मात्र सीपॅनलचं (होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं) वेबमेल पत्त्याच्या शेवटी २०९६ लावून उघडत असाल, तर काही नेटवर्कवर ते अडतं. ‘वेबमेल डॉट तुमचं डोमेन’ हा पत्ता साध्या पोर्टवरून चालतो, तोही लिहून ठेवा. ऑफिसात पॉप चालू असेल तर इथेही इनबॉक्स रिकामाच दिसेल. हॉटेलच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकूच नका. टाकावाच लागला, तर नंतर आपल्या मोबाइलवरून लगेच बदला.

जीमेलवर फॉरवर्ड: वाचायला ठीक, धंद्याला नको

लावायला दोन मिनिटं लागतात, म्हणून लोक हे करतात. पण फॉरवर्ड झालेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफ यादीत (त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत) नसलेल्या सर्व्हरवरून येतो, त्यामुळे काही मेल स्पॅममध्ये पडतात, काही नाकारले जातात. त्याहून वाईट म्हणजे उत्तर तुमच्या खासगी पत्त्यावरून जातं. बँक खातं बदलल्याचे खोटे मेल पाठवून पैसे वळवणाऱ्या टोळ्यांमुळे परदेशी खरेदीदार आधीच सावध असतो. इनव्हॉइस अनोळखी पत्त्यावरून आलं की तो पैसे थांबवणारच, आणि त्याचं चूक नाही.

ऑफिसचा कॉम्प्युटर लांबून चालवणं

एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरने जुने मेल आणि ड्रॉइंगच्या फायली सगळं हाताशी येतं. पण वीज गेली, कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला किंवा केबल तुटली की सगळं बंद. ऑफिसच्या राउटरवर व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावायचा तर पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, बाहेरून पोचता येणारा आयपी लागतो. घरगुती कनेक्शनवर अनेकदा एकच आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, तिथे बाहेरून शिरताच येत नाही. फक्त मेलसाठी एवढा खटाटोप करू नका.

वायफाय की मोबाइल डेटा?

डेटा, शक्य तिथे डेटाच. हॉटेलच्या वायफायवर लॉगिन पान भरण्याआधी मेल ॲप सर्टिफिकेटची सूचना दाखवतं. ‘कंटिन्यू’ दाबू नका, आधी ब्राउझरमध्ये लॉगिन करा. मेल जीमेलवर असेल तर चीनमध्ये स्थानिक वायफायवर ते उघडत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर सहसा चालतं, कारण रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमार्गे जातो. परदेशातून लॉगिन करताना गूगल ओळख विचारतं, म्हणून सिमचं रोमिंग निघण्याआधी सुरू करा आणि टू-स्टेपचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या तपासणीचे) १० बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. जीमेल खातं आउटलुकमध्ये जोडताना नेहमीचा पासवर्ड नाकारला गेला, तर गूगलने वेगळा बनवून दिलेला १६ अक्षरी ॲप पासवर्ड लागतो. तो टू-स्टेप चालू असल्याशिवाय मिळत नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायच्या आदल्या दिवशी घरीच तपासून घ्या. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर या. कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवा, तिथून उत्तर द्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन्ही दिसतात का बघा. मेल आउटबॉक्समध्येच राहिला तर पोर्ट चुकलाय. ‘रिले’ शब्द दिसला तर ऑथेंटिकेशनची टिक राहिलीय, ‘५३५’ आला तर पासवर्ड. मेल गेला पण ऑफिसच्या सेंटमध्ये दिसत नाही, तर ऑफिसचं खातं अजून पॉपवरच आहे.