कोर्टासमोरचं टायपिंगचं दुकान: दुसऱ्या खेपेला काम झालं

पाचपैकी साडेतीन. अर्धा नोटरी वकिलांमुळे वाढवला.

मी एसटीतला रिटायर कंडक्टर, वय 71, गाव यवतमाळ जिल्ह्यात. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नको ते आधीच लिहून ठेवायचा कागद, करायला गेलो, तर काउंटरवरच्या पोरानं मृत्युपत्राचा नमुना उघडला. "काका, वावर कोनाच्या नावं लिवू?"

म्हटलं, बाबू, वावर नाही, व्हेंटिलेटर लिहायचं आहे. पोरगं दचकलं. "इच्छामरन? थे नाई चालत इथं."

सुई टोचून मारा असं कोणी लिहून मागत नाही, ते कायद्यात बसतही नाही. बरं व्हायची आशाच उरली नाही, तर जीव नुसता लांबवत ठेवणारे उपचार नको, एवढंच. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच मान्य केलं. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. मोबाईलवर दाखवलं तरी पोरगं म्हणे, साहेब आल्यावर या.

मला हे काहून सुचलं? मोठ्या भावाला नागपूरला 19 दिवस मशीनवर ठेवलं होतं. नळी उपटू नये म्हणून दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले. मी जवळ गेलो की डाव्या हाताची बोटं हलवायचा. सोड म्हणत होता की थांब म्हणत होता, अजून कळलं नाही. बाहेर आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. दोन एकर गेलं ते वेगळंच.

वकीलसाहेब मात्र समजदार. सगळा कागद मोठ्यानं वाचला, कोणाचं दडपण नाही ना, हे बायकोला बाहेर बसवून विचारलं. मी बोलायच्या स्थितीत नसलो तर कोणाला विचारायचं, तिथं मी पुण्याच्या मुलाचं नाव दिलं होतं. ते म्हणाले, "रात्री दोन वाजता कोन पोहोचते?" मग दारव्ह्याच्या मुलीचंही घातलं. दुखणं कमी करायचं औषध बंद करू नये, ही ओळ त्यांनीच सुचवली.

600 रुपये घेतले, पावती नाही. साक्षीदारांना बसायला एकच स्टूल. एक प्रत आमच्या डॉक्टरला दिली, एक ग्रामपंचायतीत; तिथं ती घरकुलाच्या फायलीत लावली होती, मी उभं राहून काढायला लावली.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका. आणि वकीलसाहेब आहेत का, फोन करून निघा.