आंबोली की महाबळेश्वर? कोकणातून घाट चढण्याआधी

समुद्र उंबऱ्याशीच असल्यामुळे सुट्टी म्हटली की आम्हा रत्नागिरीकरांना डोंगर आठवतो. सदरा अंगाला चिकटणार नाही अशी हवा हवी आणि रात्री पंखा बंद करून पांघरूण ओढता आलं पाहिजे, एवढ्यासाठी आम्ही घाट चढतो. मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. "दादा, तीन-चार दिवस कुठंतरी जायचं ठरतंय. आंबोलीला जावं की महाबळेश्वरला? सासूबाई पण येतायत, त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत." मी विचारलं, "महिना कुठला?" ती म्हणाली, ते अजून ठरलं नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो इथंच. आधी जागा ठरते, मग सुट्टी मिळेल तो महिना तिच्या गळ्यात बांधला जातो. या दोन जागांच्या बाबतीत ते चालत नाही. जुलैत महाबळेश्वर आणि मे महिन्यात आंबोली असा बेत केलेली मंडळी परत येऊन "एवढं काही नाही तिथं" म्हणतात, तेव्हा मला त्या डोंगरांची बाजू घ्यावीशी वाटते.

अंतरावरून निवड करावी, तर रत्नागिरीहून फारसा फरक नाही. हातखंब्याला महामार्गाला लागलं की उजवीकडे सावंतवाडी आणि पुढे आंबोली. डावीकडे चिपळूण, खेड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाटानं महाबळेश्वर. दोन्हीकडे दोनशे किलोमीटरच्या आसपास. कशेडीचा बोगदा झाल्यापासून डावीकडचा रस्ता बराच सुसह्य झाला आहे. कुडाळ-मालवणच्या माणसाला मात्र आंबोली अगदी घरचीच, तशी खेड-दापोलीकराला महाबळेश्वर घरचं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आपल्या जवळचा घाट सोडून लांबचा धरू नये.

गाडी नसेल तर आंबोली सोपी. कोकण रेल्वेनं सावंतवाडी रोडला उतरायचं. स्टेशन मळगावात आहे, तिथून रिक्षानं शहरात यायचं आणि घाट चढणारी एसटी धरायची. शहरापासून आंबोली ३० किलोमीटर. वाटेत अर्धा दिवस सावंतवाडीला दिला तर मोती तलाव आणि लाकडी खेळण्यांची दुकानं बघून होतात. महाबळेश्वरला रेल्वे जात नाही. खेडला उतरून पुढं एसटी आणि वडापची जुळवाजुळव करावी लागते. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असताना मी ती करणार नाही.

आता महिन्याचं. आपल्याकडच्या घराला मोकळीक कधी असते ते आधी बघा. शाळेला सुट्टी मे महिन्यात, पण तेव्हा आंबा उतरवायचा असतो, पेट्या भरायच्या असतात आणि मुंबईहून चाकरमानी घरी आलेले असतात. मिरगानंतर पेरणी, मग लावणी. दसरा-दिवाळीला भातकापणी. म्हणजे ज्याची शेती आणि कलमं आहेत, त्याला दोनच खिडक्या उरतात. एक लावणी उरकल्यापासून गणपतीची तयारी सुरू होईपर्यंतची, म्हणजे बहुतेक श्रावण. दुसरी भात झोडून घरात आल्यावर, नाताळच्या आगेमागे. पहिली खिडकी आंबोलीची आणि दुसरी महाबळेश्वरची, असं मी बहिणीला सांगितलं.

श्रावणातली आंबोली

आंबोलीची उंची ६९० मीटरच्या आसपास, महाबळेश्वरच्या साधारण निम्मी. त्यामुळे थंडीसाठी आंबोलीला जाऊ नका. खालच्यापेक्षा हवा गार असते, पण कडाक्याची थंडी तिथं शोधायची नाही. आंबोलीचं वैभव पावसाचं आहे. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या या कडेला थेट आदळतात आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वर पावसासाठी एवढं प्रसिद्ध, पण तिथला आकडा साडेपाच ते सहा हजारांच्या घरातला.

हा पाऊस रत्नागिरीच्या पावसासारखा नसतो. आपल्याकडे तो वरून पडतो. आंबोलीत तो ढग होऊन दारातून आत येतो. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, मोबाईलची रेंज जाते-येते. हे ज्याला सोसणार नाही त्यानं श्रावणात जाऊ नये. ज्याला आवडेल, त्याला दोन दिवस पुरणार नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण इथंच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. भर पावसात कावळेसादच्या कड्यावर गेलात तर दरी दिसेलच असं नाही. समोर नुसता पांढरा पडदा असतो. पण खालून येणारा वारा दरीत पडणारं पाणी वर उडवतो आणि ते तोंडावर येतं, ते अनुभवायला जायचं. धुकं फाटलं तर दोन मिनिटं खोल हिरवी दरी दिसते आणि पुन्हा मिटते. कठडा ओलांडायचा नाही, मुलांचा हात सोडायचा नाही. तिथं माणसं गेलेली आहेत.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला मात्र नक्की जा. कपारीतून येणारं पाणी, समोर कुंड, देऊळ आणि भोवती दाट झाडी. याच कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाची २०२० साली विज्ञानात नवी जात म्हणून नोंद झाली. नदीच्याच नावावरून त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं गेलं, आणि २०२१ साली राज्य सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मुलांना हे आधी सांगून ठेवलंत तर ती पाण्यात टक लावून बघत बसतात. शॅम्पूची पाकिटं आणि निर्माल्य मात्र तिथं टाकू नका. त्या माशाचं सगळं जगच त्या थोड्याशा पाण्यात आहे.

रात्रीची आंबोली तर वेगळीच. पहिल्या पावसापासून बेडकांचा आवाज सुरू होतो. आंबोली टोड नावाचा छोटा भेक या भागाबाहेर जवळपास कुठंच मिळत नाही. त्याची वेगळी जात म्हणून नोंद २००९ सालची. हिरवा उडता बेडूक, झाडावर गुंडाळून बसलेला मलबारी चापडा, हे सगळं स्थानिक वाटाडे विजेरीच्या उजेडात दाखवतात. आपले आपण अंधारात फिरू नका. चापडा विषारी आहे आणि पानात बेमालूम मिसळून जातो. माझ्या मुलानं पहिल्यांदा चापडा बघितला तेव्हा त्याला तो दहा मिनिटं दिसतच नव्हता, आणि साप हातभर अंतरावर होता.

गुडघ्यांचा प्रश्न आंबोलीत फार येत नाही. घाटातला मोठा धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, नांगरतासचा धबधबाही रस्त्याला लागून आहे. हिरण्यकेशीला गाडी बरीच जवळ जाते, पुढं थोडं चालावं लागतं, पण पायवाट ओली असेल तर काठी द्या.

वार मात्र सांभाळा. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन मी रविवारी गेलो होतो. धबधब्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, पुढं जाता येईना, मागं वळता येईना. दोन तास आम्ही घाटातल्या एकाच वळणावर बसून होतो. आईनं गाडीच्या काचेतून धबधबा बघितला आणि आम्ही परत फिरलो. पुढच्या वर्षी मंगळवारी गेलो. धबधब्याशी पाच-सहा माणसं होती, आणि आई पायरीवर बसून अर्धा तास पाणी बघत राहिली.

श्रावणात घरात मासे बंदच असतात, त्यामुळे वरच्या साध्या जेवणाबद्दल कुरकुर होत नाही, हा आणखी एक फायदा. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर पाऊस ओसरलेला असतो आणि महादेवगडावरून खालचं कोकण स्वच्छ दिसतं. फोटोसाठी जाणाऱ्यानं तेव्हाच जावं.

थंडीतलं महाबळेश्वर

महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना ते बोटानं खरवडून बघण्याचं केवढं अप्रूप! स्वेटर खराखुरा न्या. आपल्याकडे लग्नात मिरवायला घालतो तसला नको.

याच दिवसांत स्ट्रॉबेरी असते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती बाजारात न घेता शेतावर जाऊन घ्या, तोडताना बघायला मिळते. मे महिन्यात गेलात तर हंगाम संपलेला असतो आणि मुंबई-पुण्याची सारी गर्दी तिथं असते. मधाची आवड असेल तर जवळच्या मांघरला जाऊन या. २०२२ साली ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आहे.

मला महाबळेश्वरात सर्वांत प्रिय आहे ते क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं गाव. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. चौघी पूर्वेकडे जातात. सावित्री एकटी कडा उतरून आपल्याकडे येते, महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. उलट आंबोलीची हिरण्यकेशी आपला समुद्र एवढा जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. आर्थर सीटवरून सावित्रीचं खोरं बघताना हे मुलांना सांगा. आपण खाडी म्हणून रोज बघतो ते पाणी कुठून निघतं, ते तिथं दिसतं.

पोलादपूरकडून चढत असाल तर प्रतापगड वाटेवरच आहे. तो जातानाच करा, वर पोचल्यावर पुन्हा खाली उतरायचा कंटाळा येतो. १६५६ साली बांधून झालेला हा किल्ला आणि १६५९ची अफझलखानाची भेट मुलांनी चौथीच्या पुस्तकात वाचलेली असते. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच थांबावं. बाकी बहुतेक पॉइंटना गाडी अगदी जवळ जाते, बाजार सपाट आहे, डॉक्टर आणि औषधाचं दुकान हाताशी आहे. वयस्करांच्या सोयीत महाबळेश्वर आंबोलीच्या पुढं आहे.

खर्च मात्र इथं जास्त. एकाच खोलीचा दर मंगळवारी एक आणि शनिवारी दुसरा असतो, आणि फोटोवर विसंबून पैसे भरू नयेत. मी एकदा भरले होते, तर "दरीचा देखावा" म्हणजे दोन इमारतींमधली फट निघाली. खोली घेण्याआधी फोन करा, खिडकीतून काय दिसतं ते सरळ विचारा.

आणि पावसाळ्यात आंबेनळी घाट टाळा, हे मी हात जोडून सांगतो. २०१८च्या जुलैत दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली आणि तीस माणसं गेली. त्यांच्या घरची माणसं आजही आपल्यातच वावरतात. २०२१ साली २२ जुलैच्या पावसात चिपळूण बुडालं, तेव्हा महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि हा घाट जागोजागी खचला. आंबोलीच्या घाटातही दरडी येतात. तिथंही निघण्याआधी सावंतवाडीत कुणाला तरी विचारून घ्यावं.

एकच दिवस असेल तर दोन्ही नकोत. वैभववाडीवरून गगनबावड्याला जाऊन संध्याकाळी परत या, किंवा लांज्याकडच्या माचाळला. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात खरं, पण उंची फार नाही. तिथं किनारा आणि केवड्याची बनं बघायला जा, थंडीसाठी नको.

बहिणीचं शेवटी जानेवारीचा पहिला आठवडा संपल्यावर, सोमवार ते गुरुवार, महाबळेश्वर असं ठरलं. तोवर कलमांची फवारणी एका माणसावर सोपवता येईल, असं मेहुणे म्हणाले. सासूबाईंना मात्र हिरण्यकेशीही बघायची आहे. त्यांना श्रावणात एका मंगळवारी मी नेणार आहे, पहाटे पाचला निघून, अंधार पडायच्या आत घाट उतरून.