मराठीच्या तासाला फोन: कहूट, प्लिकर्स की साधा रेकॉर्डर?

सहावीचा वर्ग, चाळीस मुलं आणि फोन एकच, तो म्हणजे बाईंचा. मराठीच्या तासात जान आणायला काय वापरावं? कहूट आणि प्लिकर्स ही प्रश्नमंजुषेची ॲप, तिसरा फोनमधला आवाज टिपणारा साधा रेकॉर्डर. माझा कौल आधीच सांगते: व्याकरणाच्या उजळणीला प्लिकर्स, बाकी वर्षभर रेकॉर्डर.

कहूट २०१३ पासूनचं, नॉर्वेचं. प्रश्न पडद्यावर, उत्तराची बटणं मुलांच्या हातातल्या फोनवर. म्हणजे प्रोजेक्टर आला, नेट आलं, निदान गटागटाला एक फोन आला. वर्ग दणाणतो, यात वाद नाही. पण एरवी गुण वेगावर मिळतात. जोडाक्षराशी अडखळणारं मूल प्रश्न वाचून होईस्तोवर बाकीच्यांची बटणं दाबून झालेली असतात. वापरायचंच तर वेळ वाढवा किंवा प्रश्नाचे गुणच बंद ठेवा. दोन्ही सोयी त्यात आहेत.

प्लिकर्सला मुलांकडे फक्त छापील कागद लागतो. चौकोनी काळ्या आकृतीच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं, बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येकाची आकृती वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून फायदा नाही. प्रश्न फळ्यावर लिहिला तरी भागतं. कार्डं टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. समास, प्रयोग, विभक्ती यांना हे झकास. ‘शुद्ध शब्द ओळखा’ला नको: तीन अशुद्ध रूपं मुलांसमोर मांडली की तीच डोळ्यांत बसतात.

दोन्हींची खरी मर्यादा एकच. मूल चारातलं एक निवडतं, स्वतःचं वाक्य काही करत नाही.

रेकॉर्डर दिसायला अगदीच गरीब. माझ्या वर्गात मी मुलांना घरच्या मोठ्या माणसाला एकच प्रश्न विचारायला सांगितलं: तुमच्या लहानपणी पाऊस लांबला की काय करायचे? ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी मिनिटभराचं बोलणं टिपून आणलं, बाकीच्यांनी ऐकून येऊन माझ्या फोनवर सांगितलं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी आजीच्या अहिराणीत सुरू झाली आणि मागच्या बाकांवरून ‘परत लावा’ म्हणून ओरडा झाला. मग तेच प्रमाण मराठीत लिहायचं ठरलं. कुठला शब्द तसाच ठेवायचा यावर वर्गात भांडणं झाली. असं भांडण मी धड्यावरून कधी ऐकलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकल्यावर ‘ळ’चा ‘ल’ होतोय हे मुलांनाच कळतं आणि ‘बाई, पुन्हा बोलू?’ असं तीच विचारतात.

तोटा वेळेचा. चाळीस मुलांचं मिनिट-मिनिट ऐकायचं म्हणजे पाऊण तास गेला. मी रोज आठ जणांचंच ऐकते, शुक्रवारपर्यंत वर्ग संपतो. आवाज वर्गाच्या बाहेर पाठवायचे नाहीत, हेही पालकांना आधीच सांगून ठेवा.