न्यूजग्रुप की मेलिंग लिस्ट? ग्रुप चर्चेसाठी काय घ्यावं

चर्चा लेखी आणि सविस्तर हवीय, चॅटसारखी दोन तासात वर सरकून गायब होणारी नकोय, असं ठरलं की न्यूजग्रुप आणि मेलिंग लिस्ट ही दोन जुनी साधनं समोर येतात. दोन्हीकडे मेलसारखंच लिहायचं म्हणून लोक दोन्ही एकच धरतात, पण लिस्ट (एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या मेंबरना जातो ती) तुमच्या इनबॉक्समधे येते आणि न्यूजग्रुप वाचायला तुम्हाला जावं लागतं, आणि बाकीचं बरंचसं यातूनच निघतं.

न्यूजग्रुप म्हणजे यूजनेटवरचा एकेका विषयाचा चर्चेचा कट्टा, आणि यूजनेट म्हणजे सर्व्हरांचं जाळं, १९७९ मधे ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचलेलं. तुमची पोस्ट एका सर्व्हरवर जाते, तो ती शेजारच्याला देतो, तो पुढच्याला, अशी पसरत जाते, त्यामुळे सगळ्याचा मालक असा कुणीच नाही. ग्रुपचं मेंबर व्हायची भानगड नाही, अनोळखी माणूसही येऊन वाचतो आणि उत्तर देतो. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ ला आपण नवीन ऑपरेटिंग सिस्टीम करतोय हे सांगितलं ते मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या न्यूजग्रुपवर, कारण ज्यांना त्यात रस असेल ते तिथेच होते. तीच पुढे लिनक्स झाली, पण लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, रोजचं काम मेलिंग लिस्टवर गेलं आणि आजही तिथेच चालतं. मला तर निवड कशी करायची ते इथेच कळतं: अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर न्यूजग्रुप, ठरलेल्या लोकांनी मिळून काही तडीस न्यायचं असेल तर लिस्ट.

वाचायला मात्र न्यूजग्रुप फार सुखाचा. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममधे ग्रुप उघडला की आधी फक्त विषयांची यादी येते, एका पोस्टला आलेली सगळी उत्तरं एका धाग्यात जोडलेली असतात, नको तो धागा एका क्लिकवर गप्प करायचा, आणि महिनाभर फिरकला नाहीत तरी काही तुंबत नाही. लिस्टवर वाद पेटला की सकाळी साठ मेल. त्यावर उपाय म्हणून लोक डायजेस्ट लावतात, म्हणजे दिवसाचे सगळे मेल एका गठ्ठ्यात, आणि मग कुणीतरी त्या गठ्ठ्यालाच रिप्लाय करतं, विषयाच्या जागी डायजेस्टचा नंबर, खाली अख्खा गठ्ठा, आणि धागा तुटतो तो तुटतोच. नियम लिहिताना ‘डायजेस्टला रिप्लाय करू नका’ हे पहिल्या ओळीत घाला.

स्पॅमच्या बाबतीत लिस्ट सरळ सरळ पुढे आहे. १९९४ च्या एप्रिलमधे दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो न्यूजग्रुपात टाकली तेव्हा ती आधीच अडवणारं कुणी नव्हतं. मॉडरेटेड, म्हणजे पोस्ट आधी तपासणारे, न्यूजग्रुप असतात, पण थोडे. लिस्टला मालक असतो, तो नव्या मेंबरचा पहिला मेल रोखून बघू शकतो, त्रास देणाऱ्याला काढू शकतो.

पण मालक असला म्हणजे तो किंवा लिस्ट चालवणारी सेवा गेली की सगळंच गेलं, हेही आलं. याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरमधे पूर्ण बंद झालं, पण साइटवरचं जुनं सगळं त्याआधीच काढून टाकलं होतं, आणि ज्यांनी वेळेत कॉपी घेतली नव्हती त्यांचं वर्षानुवर्षांचं बोलणं हातातून गेलं. म्हणून आर्काइव्हची, म्हणजे जुन्या मेलच्या साठ्याची, कॉपी दोघातिघांकडे ठेवाच. न्यूजग्रुपची पोस्ट कितीतरी सर्व्हरवर असते, मात्र प्रत्येक सर्व्हर आपल्या मुदतीनुसार जुनं काढून टाकतो, तेव्हा तिथेही निर्धास्त राहू नका.

आज नवीन ग्रुप काढणार असाल तर माझं मत लिस्ट. गुगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटच्या नव्या पोस्ट घेणं थांबवलं, त्यामुळे नवख्या माणसाला आता सर्व्हर शोधा, खातं काढा, न्यूजग्रुप वाचायचा प्रोग्रॅम लावा इतकं करावं लागतं, आणि दहातले आठ तिथेच सोडून देतील. मेल सगळ्यांकडे असतो. तुमच्या विषयाचा जुना न्यूजग्रुप अजून जागा असेल तर मात्र नवी लिस्ट काढू नका, तिथेच जा, जाणकार तिथेच बसलेत.

आणि लिस्टच हवी पण इनबॉक्स भरायला नको असेल तर जीमेन ही सेवा बघा, २००२ पासून मेलिंग लिस्टा न्यूजग्रुपसारख्या वाचायची सोय त्यात आहे, कर्नलच्या लिस्टांचं आर्काइव्हही तसं वाचता येतं. एक मात्र दोन्हीकडे करा, वेगळा मेल आयडी वापरा, कारण पोस्टबरोबर तो जगजाहीर होऊ शकतो आणि नंतर परत घेता येत नाही.