सिक्लिडचा 'सेट', बायबॅकचं आमिष आणि माझे १४,५०० रुपये

कोल्हापूर आणि आसपासच्या ग्रुपवर सध्या "दोन फुटी टँकसाठी सिक्लिड ब्रीडिंग सेट, पिल्लं आम्हीच परत घेणार" असा मेसेज फिरतोय. सिक्लिड म्हणजे मत्स्यालयात पाळायचे रंगीत, हद्दीवरून भांडणारे मासे, आणि पिल्लं परत घेण्याचं हे आश्वासन म्हणजेच बायबॅक. पैसे भरायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. माझे १४,५०० रुपये गेलेत आणि ते घेणारा माणूस आजही तेच फोटो टाकून तोच सेट विकतोय. त्याचं नाव लिहीत नाही. तक्रार करायची आहे, आणि उलट त्यानेच माझ्यावर बदनामीचा दावा ठोकलेला मला नकोय.

"हाव नडली" म्हणणाऱ्यांना आधीच सांगते. इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखालच्या फसवणुकीचं प्रकरण २०१९ साली फुटलं, ते आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच घेतो, ही तऱ्हा कुणाला नव्याने समजावायला नको. म्हणूनच आमच्या दिरांनी चारचौघांत "वहिनी, तुम्ही तर शिकलेल्या" असं म्हटलं तेव्हा मला मान वर करवेना. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी बाई मी, दिवसभर नमुने तपासते. पण कडकनाथात लोकांनी कमाईसाठी पैसे घातले होते. मला कमाई नको होती. माझ्याकडे गप्पींचा दोन फुटी टँक बरीच वर्षं नीट चालू होता, आणि मला त्यात रंगीत, माणूस ओळखणारा, पिल्लं सांभाळणारा मासा हवा होता. पिल्लांचं काय करायचं ही काळजी मिटते, एवढ्यापुरताच तो बायबॅक मला बरा वाटला.

आणि मी विचारल्याशिवाय घेतलेलं नाही. टँक दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, म्हणजे साधारण ५४ लिटर, हे मी लिहून पाठवलं होतं. यात कुठले सिक्लिड एकत्र राहतील असं सरळ विचारलं होतं. त्यावर त्याचा व्हॉइस मेसेज आला : "ताई, डोळं झाकून घेऊन जावा. समदे ड्वार्फ हायत. दोन इंचाच्या वर एक बी जात न्हाई." तो मेसेज मी जपून ठेवलाय.

सेट असा होता. काळ्या पट्ट्यांचे चार पिवळे मासे, त्यांना तो "गोल्डन ड्वार्फ आफ्रिकन" म्हणत होता, ३५० रुपयांना एक, म्हणजे १,४००. इलेक्ट्रिक ब्लू रॅम या छोट्या निळ्या सिक्लिडची "प्रूव्हन पेअर", म्हणजे आधी अंडी-पिल्लं झालेली जोडी, १,८००. क्रिबेन्सिस या आणखी एका छोट्या सिक्लिडची जोडी ९००. बॅक्टेरियाची बाटली ७५०, सिक्लिड सॉल्ट ४८०, हीटर ८५०. वर बायबॅकची "नोंदणी" म्हणून २,५००. पहिल्याच दिवशी ८,६८० रुपये. पावती मागितली तर म्हणाला, "घरचा धंदा हाय ताई, पावती कसली, गुगल पे हाय की." पावती नाही तर मासा नाही, असं त्याच क्षणी म्हणा आणि चालू पडा.

ज्या गोष्टीने आजही झोप उडते ती त्याच्या घरातच माझ्या डोळ्यांसमोर होती. भिंतीला लोखंडी रॅक, त्यावर ओळीने टँक. वर रॅम, हीटरचा लाल दिवा चालू, थर्मामीटर २९ वर. त्याखाली क्रिबेन्सिस, फुटक्या कुंडीच्या खापराखाली मादी, पोट जांभळट लाल. आणि पिवळे मासे पार पलीकडे, पांढऱ्या कोरल वाळूवर, दगडांच्या ढिगात. तीन जाती, तीन टँक, तिन्हींचं पाणी वेगळं. जे मासे एकत्र राहतात म्हणून मला सेट विकत होता, त्यातल्या दोन जातीसुद्धा त्याने स्वतः कुठल्या एका टँकमध्ये ठेवल्या नव्हत्या. हे मला दिसलं होतं. पण विकायचे मासे कुठलाही दुकानदार वेगवेगळेच ठेवतो, त्यात मला वावगं काय दिसणार होतं?

त्या पिवळ्यांच्या टँकमध्ये एक मासा गर्द काळपट होता, अंगावर फिकट निळी रेघ. आणखी एकाचं पोट धुरकटत चाललं होतं, पिवळा रंग फक्त पराच्या मुळाशी उरलेला. बाकीचे वर फिल्टरच्या नळीमागे दाटीवाटीने थांबलेले, शेपट्या चिरफळलेल्या. मी विचारलं, "दादा, हा काळा कुठला?" तो म्हणाला, "त्यो येगळा मासा हाय, विकायचा न्हाई," आणि दाणे टाकायला पुढे झाला. तो वेगळा मासा नव्हता. तो त्याच जातीचा वयात आलेला नर होता. या जातीत पिल्लं आणि माद्या पिवळ्या राहतात, आणि जोर धरलेला नर काळा पडतो. नाव ऑराटस. मूळ आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्याचा, चार इंचांच्या पुढे जाणारा आणि सिक्लिडमध्येही भांडकुदळ म्हणून ओळखला जाणारा. त्याला मोठा टँक, भरपूर दगड आणि एका नरामागे पुष्कळ माद्या लागतात. दोन फुटात चार घातले की एक राजा होतो आणि बाकीचे मरतात. हे मला नंतर इचलकरंजीच्या एका जुन्या शौकीन काकांनी नुसता व्हिडिओ बघून सांगितलं. "पोरी, पिवळ्या सिक्लिडला कुणी ड्वार्फ म्हटलं की आधी त्याच्याकडं त्याचे आईबाप दाखव म्हण," हे त्यांचे शब्द.

रॅम तर मुळातच दुसऱ्या टोकाचा मासा. व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला, त्याला मऊ, आम्लाकडे झुकणारं, २७ ते ३० अंशांचं पाणी हवं. मलावीच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी, पीएच आठच्या आसपास. सिक्लिड सॉल्ट घातलं की पाणी जड होऊन ऑराटसला मानवतं आणि रॅमला बाधतं, नाही घातलं की उलट. म्हणजे ४८० रुपयांची ती पिशवी मी घरी आणली तेव्हाच कुणाला तरी मारायला आणली होती. क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतले, नायजेरिया-कॅमेरूनच्या नद्यांतले. ते स्वभावाने बरे, पण अंडी घातली की तळाचा सगळा भाग आपला समजतात, आणि रॅमही तळाशीच राहणारा. दोन फुटाच्या तळावर दोन जोड्यांची हद्द बसतच नाही. टँकमध्ये लिटर किती मावतात त्याआधी तळ किती आहे ते बघा.

मासे सोडण्याआधी त्याने आणखी एक सांगितलं होतं : गप्पींचं सगळं पाणी काढा, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुवा, "जुने जंतू नकोत". माझा टँक पिकलेला होता, म्हणजे त्यात चांगले जिवाणू मुरलेले होते. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्या स्पंजातच असतात, आणि नळाच्या क्लोरिनने तेच मरतात. म्हणजे चांगले जिवाणू माझ्याच हातून मारायला लावायचे आणि बाटलीतले ७५० रुपयांना विकायचे. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना त्रास होतो. रॅम आधी गेले. एकाचे डोळे आणि पर कुरतडलेले, दुसरा हीटरमागे उभाच्या उभा मेला. ती "प्रूव्हन पेअर" दोन नरांची होती, हेही काकांनीच दाखवलं. फोन केला तर म्हणाला, "शहराचं पाणी बदललंय ना ताई, काळम्मावाडीचं पाणी मानवलं न्हाई माशास्नी." दोष पाण्याचा, दोष माझा. लगेच औषध ६२०, दुसरी रॅमची पेअर १,८००, आणि "ब्रीडिंगसाठी वेगळा टँक लागणारच" म्हणून टँक ३,४००. हे ५,८२० त्याने मला घाबरवून घेतले. मुलगा रोज शाळेतून येऊन आधी टँक बघायचा, त्याला मेलेले मासे दाखवायचे नव्हते, म्हणून दिले. घरात पोर असलेल्या कुठल्या आईने दिले नसते?

दुसरी पेअरही गेली. मग बायबॅकचं विचारलं, तेव्हा त्याने माझ्याच चॅटमधला एक जुना मेसेज दाखवला : "सेट पूर्ण असेल तरच." यातच सगळं आलं. सेट पूर्ण राहूच शकत नाही, तो तसा निवडलेलाच नसतो. मासे एकमेकांना मारतात म्हणून त्याला पिल्लं घ्यावी लागत नाहीत, आणि मारतात म्हणून त्याचे नवे मासे, औषधं, टँक विकले जातात. याला सिक्लिडचं कळत नाही असं कुणी म्हणू नका. त्याला फार चांगलं कळतं, म्हणूनच त्याच्या रॅकवर तीन वेगळे टँक होते.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, माशाची केस कुठं घालू मी? पैसे तुम्हीच पाठवलाय, माल बी मिळालाय." दिवाणी बाब आहे म्हणाले. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. खोटं सांगून पैसे काढून घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? १ जुलै २०२४ पासून जुन्या ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ते मासा आणि सोनं असा भेद करत नाही. शेजारच्या बाकावर मोबाइल हरवलेला माणूस बसला होता, त्याची नोंद झाली. माझ्याकडे बघून मात्र दोघे शिपाई हसत होते. ते हसणं मी विसरणार नाही.

मग जिथे माशांचंच काम चालतं अशा एका सरकारी कार्यालयात गेले. तिथे मत्स्यबीज, बोटुकली, तलावाचे ठेके. शोभिवंत मासे म्हटल्यावर साहेबांनी अनुदानाचं माहितीपत्रक पुढे केलं. २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरच्या अंगणात शोभिवंत मासे पाळायलाही मदत ठेवली होती. धंदा सुरू करायला सरकार पैसे देणार, आणि त्याच धंद्यात कुणी नागवलं तर जायचं कुठे, याचं उत्तर त्या टेबलावर नव्हतं. मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्राने २०१७ साली नियम आणले होते, व्यापाऱ्यांची ओरड झाली आणि ते मागे घेतले गेले. पेट शॉपच्या २०१८ च्या नियमांत नावं आहेत ती कुत्री, मांजरं, ससे, पक्षी अशांची. माशाचं नाव त्यात नाही. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं तर "आमच्याकडं गाई-म्हशी" म्हणाले. एका मदतवाहिनीवर विक्रेत्याच्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर मागितला. घरातून विकणाऱ्याला फर्म असते का? ज्याने कागद ठेवला नाही तो सुटतो, आणि ज्याने इमानदारीत सगळं सांगितलं त्यालाच कागद मागतात!

ऑनलाइन पैसे पाठवून माल आलाच नसेल तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतवाहिनीवर फोन करा, तिथे तासांना किंमत असते. माल आला पण खोटा निघाला तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते.

दोन फुटी टँकमध्ये सिक्लिड ठेवायचेच असतील तर एकच जात ठेवा. क्रिबेन्सिसची एक जोडी, खापर आणि झाडं देऊन. किंवा रॅमची एक जोडी आणि सोबत थोडे छोटे टेट्रा. पाणी जड असेल तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचे, शंखात राहणारे "मल्टी" नावाचे छोटे सिक्लिड. यातलं एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही. "असॉर्टेड आफ्रिकन" म्हणून मिळणारं काहीही नको, ऑस्कर या मोठ्या सिक्लिडचं दोन इंची पिल्लू नको, ते फूटभर होतं. जोडी "प्रूव्हन" म्हणत असतील तर त्यांच्याच टँकमध्ये अंडी राखताना बघा, नाहीतर साध्या माशाचा भाव द्या.

माझे क्रिबेन्सिस त्या ३,४०० च्या टँकमध्ये हलवलेत, ते बरे आहेत. ऑराटसमधला उरलेला एक काकांनी त्यांच्या मोठ्या टँकसाठी नेला. आता ग्राहक आयोगात अर्ज करतेय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ खाली एकाच विक्रेत्याने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. तुमच्याकडे "सेट पूर्ण असेल तरच" हा मेसेज आला असेल तर तो डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, गुगल पेच्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा, मेलेल्या माशांचे फोटो ठेवा, आणि मला कळवा.