डासांवर पाळत ठेवायची तर कशी? अळ्या, अंडी की विषाणू

डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्याच्या घराभोवती धूरफवारणी होते. साप निघून गेल्यावर भुई धोपटण्याचाच हा प्रकार. डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस जातात, मग दवाखाना, रक्ततपासणी, अहवाल. म्हणजे पालिकेच्या हाती पडलेली बातमी दोनेक आठवडे शिळी असते. त्या आधी सुगावा लागावा म्हणून डासांवर पाळत ठेवायची. त्याचे मार्ग तीन-चार आहेत आणि पैसा एकाच मार्गापुरता. निर्णय तुमच्यावर असेल, तर या कामात अनेक पावसाळे काढल्यावर माझे जे मत बनले आहे ते सांगतो.

कंटेनर सर्वेक्षण, म्हणजे पाणी साठलेल्या भांड्यांत अळ्या शोधणे, आपल्याकडे आहेच. आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन घरोघरी जातात. पिंपावर सावली पडली की अळ्या सुळकन तळाशी जातात, म्हणून झाकण अलगद उचलायचे आणि क्षणभर थांबायचे. पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओतले की वळवळ स्पष्ट दिसते. या पद्धतीचा मोठा गुण असा की शोध आणि उपाय एकाच फेरीत होतात. पिंप तिथेच उपडे करता येते आणि फ्रीजमागची ट्रे घरातल्या बाईंना हाताने दाखवता येते. एकदा पाहिलेली अळी माणूस विसरत नाही.

पण साथीचा अंदाज बांधायला तिचे आकडे तोकडे पडतात. शंभर घरांमागे किती दूषित, म्हणजे अळ्या असलेली, भांडी, हा ब्रेटो निर्देशांक. त्यात हजार अळ्यांचा हौदही एक आणि चार अळ्यांची करवंटीही एकच. शंभरातली किती घरे दूषित, हा घर निर्देशांक तर १९२३ साली पिवळ्या तापासाठी बेतलेला. सिंगापूरने १९७०च्या दशकात दूषित घरांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आणले, तरी पुढे डेंग्यू परतलाच. शिवाय बंद घरे आणि गच्चीवरच्या टाक्या तपासायच्या राहून जातात.

यावर एक बिनखर्ची सुधारणा आहे: अळ्यांऐवजी कोष, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था, मोजा. स्वल्पविरामासारखा वाकलेला, काही न खाणारा कोष दोन-तीन दिवसांत डास होतो आणि मधल्या काळात फारसा मरत नाही. त्यामुळे कोषांची संख्या उडणाऱ्या डासांच्या बरीच जवळ जाते. कोणत्या भांड्यात जास्त कोष आहेत तेही लिहून ठेवा. बहुतेक वस्त्यांत दोन-तीन प्रकारची भांडीच निम्म्याहून अधिक डास पुरवताना दिसतील.

दुसरा मार्ग अंडी-सापळ्याचा. काळा प्लास्टिकचा डबा, त्यात थोडे पाणी आणि काठाला खरखरीत पट्टी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर जागी अंडी चिकटवते. घातली तेव्हा पांढरी असलेली अंडी काही तासांत काळी पडतात आणि भिंगाखाली खसखशीहून बारीक, लांबट दिसतात. डास इतके कमी असतात की एकही अळी सापडत नाही, तेव्हाही पट्टीवर दहा-बारा अंडी मिळतात. शिवाय डबा दर आठवड्याला त्याच जागी असतो. तपासणारा बदलला म्हणून आकडा बदलत नाही. हाँगकाँगने वर्षानुवर्षे याच सापळ्यांवरून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या. ५ टक्क्यांहून कमी सापळ्यांत अंडी ही खालची पायरी, ४० टक्के किंवा अधिक ही सगळ्यात वरची.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या, नाहीतर घोळ होतो. स्वच्छता मोहीम झाली की सापळ्यांतली अंडी काही दिवस वाढूही शकतात. आजूबाजूची भांडी रिकामी झाल्याने माद्या सापळ्याकडे वळतात. तो आकडा पाहून मोहीम फसली असे ठरवू नका, पुढचे दोन-तीन आठवडे पाहा. शिवाय डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसच्या दोन्ही जातींची (इजिप्टाय आणि अल्बोपिक्टस) अंडी सारखीच दिसतात. जात हवी असेल तर ती उबवावी लागतात.

प्रौढ डासांचे सापळे सर्वांत नेमके, पण मनुष्यबळ मागणारे. सिंगापूरने २०१७पासून सरकारी वसाहतींत चिकट पट्ट्यांचे सुमारे ५० हजार सापळे बसवले. पंख्यावर चालणाऱ्या सापळ्यांना वीज लागते आणि राखणही. मध्यम शहराने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

राहिली पकडलेल्या डासांत विषाणू शोधण्याची तपासणी, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा चुकीच्या जागी जातो. अमेरिकेत वेस्ट नाईल या डासांमुळे पसरणाऱ्या तापासाठी ती खरोखर उपयोगी पडते. १९९९मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो ताप आला, तेव्हापासून तिथे तो पसरवणाऱ्या क्युलेक्स डासांचे गठ्ठे करून तपासतात. हा विषाणू आधी पक्ष्यांत वाढतो, त्यामुळे माणसे आजारी पडण्याआधीच बऱ्याच डासांत सापडू शकतो. डेंग्यूचे चक्र शहरात माणूस आणि डास यांच्यातच फिरते. मधे पक्षी नाही. बाधित डास इतके थोडे असतात की हजारो पकडून तपासले तरी हाती काही लागेलच असे नाही, आणि लागेल तोवर गल्लीत रुग्ण असतातच.

तो पैसा तापाच्या रुग्णांच्या तपासणीवर घाला: पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी, त्यानंतर प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम. २०२१च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला एडिस डासच पसरवतो त्या झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला, तो तापाच्या रुग्णांचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले म्हणून.

दीड-दोन लाख वस्तीच्या शहरासाठी माझी निवड ठरलेली आहे. कंटेनर सर्वेक्षण चालू ठेवा, त्यात कोष मोजा आणि जोडीला अंडी-सापळे लावा. ही मादी सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणून सापळे सगळ्या शहरात विरळ टाकण्यापेक्षा गेल्या दोन वर्षांत रुग्ण निघालेल्या प्रभागांत दाट ठेवा. पट्ट्या सोमवारी काढा, मंगळवारी मोजा, बुधवारी नकाशावर खुणा करा आणि गुरुवारी त्याच गल्ल्यांत माणसे पाठवा.

खरेदीच्या आधी एक काम करा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एक आठवडा पट्टी बदलायची राहिली की आपला सापळाच डास पैदा करू लागतो. गणपतीचे दिवस आणि डेंग्यूचा भर साधारण एकाच वेळी येतात. त्या आठवड्यात प्रत्येक प्रभागातल्या पट्ट्या कोण बदलणार, त्या दोघांची नावे आधी कागदावर लिहून घ्या. ज्या प्रभागात नावे मिळणार नाहीत, तिथे सापळे लावू नका.